शेरवानीची सक्ती, ओढणीची बंदी

वीसेक वर्षांपूर्वी मी बी.एड. करत होते. तेव्हा निजामाच्या काळातल्या शिक्षणावर एक छोटा प्रकल्प लिहायचा होता. माहिती गोळा करायला मी वसमतच्या एका निवृत्त गुरुजींकडे गेले. त्यांचं वय पंच्याहत्तरच्या पुढे होतं. घरात विठ्ठलाचा फोटो, अंगात धोतर-सदरा आणि उर्दू अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी सुबक. त्यांचं सगळं शिक्षण निजामी अमलात उर्दूतून झालेलं. मी उर्दू शिकवणार म्हटल्यावर त्यांनी आधी माझीच परीक्षा घेतली. ‘ज़ाल’, ‘ज़े’, ‘ज़ाद’, ‘ज़ोय’ यांतला फरक विचारला आणि मग चहा मागवला.

बोलता बोलता कपड्यांचा विषय निघाला. गुरुजी म्हणाले, “आमच्या घरी शेरवानी एकच. ती पण थोरल्याची. तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी शेरवानी पाहिजेच. थोरला घालून जायचा आणि मला मास्तर मागच्या खोलीत बसवायचे, जिथं घागरी अन् सतरंज्या ठेवलेल्या असत. साहेब गेले की बाहेर काढायचे. हजेरीत मी गैरहाजर.”

मी विचारलं, “राग यायचा का?”

“राग कशाचा? मला तर शेरवानी घालावीशी वाटायची. रुबाबदार दिसतो माणूस. पण पोरी, शाळेत बसून शाळेत नसणं म्हणजे काय ते मला तिथं कळलं.”

ही गोष्ट मी प्रकल्पात घातली नाही. कारण आज प्रामाणिकपणे सांगते. मला ती ‘आपल्या’ विरोधातली वाटली. राज्य मुसलमान राजाचं, भाषा उर्दू, पोशाख आपल्याकडे शादीत घालतात तो; आणि मागच्या खोलीत बसलेला मुलगा हिंदू. प्रकल्पात मी उस्मानिया विद्यापीठाचं कौतुक लिहिलं, देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो केवढा मोठा प्रयोग होता हे लिहिलं. ते खोटं नव्हतंच. पण मागची खोली गाळली. आता शाळेतल्या ओढणीवरून जेव्हा जेव्हा वाद पेटतो, तेव्हा मला ती खोली आठवते.

तर आधी ती खोली नीट उघडूया.

हिंगोली आज जिल्हा आहे. 1 मे 1999 रोजी तो परभणीतून वेगळा झाला. पण 1948 पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि हिंगोली ही हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. संस्थानात दरबारी पोशाखाला फार महत्त्व. डोक्यावर दस्तार आणि कमरेला बुगलूस नावाचा पट्टा असल्याशिवाय अधिकाऱ्यानं निजामासमोर जायचं नाही. या रिवाजाची सावली कचेऱ्यांवर आणि शाळा-कॉलेजांवर पडली. शेरवानी हा ‘शिकलेल्या माणसाचा’ कपडा झाला. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं आणि शेरवानी ही तिथल्या विद्यार्थ्याची ओळखच बनली. अनेक हिंदूंनी ती आनंदानं घातली. जुने फोटो पाहिले तर कायस्थ कोण, ब्राह्मण कोण आणि मुसलमान कोण हे ओळखू येत नाही. शेरवानी हा धार्मिक पोशाख नव्हे, दख्खनचा सभ्य पोशाख आहे, असं तिचे समर्थक म्हणत. हे वाक्य लक्षात ठेवा. गणवेशाची सक्ती करणारा प्रत्येक जण, कुठल्याही काळात, हेच म्हणतो: हा धर्माचा प्रश्न नाही, हा सगळ्यांचा कपडा आहे.

शेरवानीबरोबर डोक्यावर यायची ती रुमी टोपी, म्हणजे तुर्की फेझ. या लाल टोपीचा प्रवास मोठा गमतीचा आहे. 1829 साली तुर्कस्तानच्या सुलतान महमूद दुसऱ्यानं फर्मान काढून सरकारी नोकरांच्या डोक्यावर ती चढवली. हेतू असा की पगडीवरून माणसाचा धर्म आणि दर्जा ओळखू येतो, तो ओळखू येऊ नये. त्या वेळी धार्मिक मंडळी फेझवर नाराज होती. पुढे शंभर वर्षांत तीच टोपी मुसलमानांची निशाणी ठरली. आणि नोव्हेंबर 1925 मध्ये मुस्तफा कमालनं कायदा करून तिच्यावर बंदी घातली, सगळ्यांनी हॅट घालावी म्हणून. टोपी उतरवायला नकार देणाऱ्यांना शिक्षा झाल्या, काही ठिकाणी फाशीपर्यंत. म्हणजे एकच टोपी आधी आधुनिक म्हणून सक्तीची झाली आणि नंतर मागास म्हणून बंद झाली. दोन्ही वेळा कारण सांगितलं गेलं ते एकरूपतेचं. आमच्या दख्खनला मात्र या बंदीचा पत्ता नव्हता. तुर्कस्तानात जी टोपी घालणं गुन्हा होता ती हैदराबादेत प्रतिष्ठेची होती.

1938 साली हे सगळं फुटलं. औरंगाबादचं कॉलेज आणि हैदराबादची वसतिगृहं इथं विद्यार्थ्यांनी वंदे मातरम् म्हणायला सुरुवात केली, विद्यापीठानं मनाई केली, विद्यार्थ्यांनी संप केला आणि मोठ्या संख्येनं मुलं काढून टाकली गेली. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठानं प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्या पिढीचेच. आज आपण त्या चळवळीला गाण्याची चळवळ म्हणून ओळखतो. पण मराठवाड्यातल्या जुन्या लोकांशी बोललं की कळतं, गाण्याच्या खाली धोतरही होतं. कॉलेजात धोतर चालत नाही, शेरवानी-पायजमा लागतो, ही खदखद होतीच. काय गायचं आणि काय नेसायचं हे दोन्ही वरून ठरत होतं. ज्यांना ते सोसेना त्यांनी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेची किंवा अंबाजोगाईच्या योगेश्वरीची वाट धरली.

मुसलमान वाचकांना हे मी मुद्दाम सांगते आहे. आपल्याकडे निजामी काळाबद्दल बोलताना एक तर नुसती हळहळ असते, नाहीतर नुसती लाज. मागच्या खोलीत बसलेल्या मुलाबद्दल कुणी बोलत नाही. आणि इतर वाचकांना यासाठी सांगते, की 17 सप्टेंबरला मुक्तिदिनाचं झेंडावंदन करताना तुम्ही ज्या जुलमाची आठवण काढता, त्यात हा कपड्यांचा जुलूमही होता. त्याची चव तुमच्या आजोबांना माहीत होती.

इंग्रजी मुलखात काही फार वेगळं नव्हतं. असहकाराच्या काळात, 1921-22 च्या सुमारास, गांधी टोपी घातली म्हणून सरकारी नोकर आणि विद्यार्थी यांच्यावर कारवाया झाल्या. खादीचा तुकडा पण राजद्रोहाचा वास येत होता. आणि स्वातंत्र्यानंतर? तीच टोपी कित्येक शाळांमध्ये गणवेशात आली आणि विसरली म्हणून पोरांनी छड्या खाल्ल्या. आमच्या अब्बांनी खाल्ल्या. टोपी एकच, कालपर्यंत घातली म्हणून मार, आज नाही घातली म्हणून मार.

1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि खेड्यापाड्यात प्राथमिक शाळांचं जाळं पसरलं. पांढरा शर्ट, खाकी चड्डी, मुलींना निळा स्कर्ट. हा गणवेश कुणी विचार करून ठरवला असेल तर तो बाजारानं. खाकी मळत नाही, पांढरा कुठेही मिळतो. आमच्या उर्दू शाळांत मुलींना निळी कमीज, पांढरी सलवार, पांढरी ओढणी. त्यावर कधी कुणी मोर्चा काढला नाही.

माझं माध्यमिक शिक्षण मात्र एका मराठी शाळेत झालं. नाव सांगत नाही, शाळा आजही चालू आहे आणि तिथल्या बाईंनीच मला मराठी शिकवली. नियम असा होता: दोन वेण्या, लाल रिबन, वर दुमडून बांधलेल्या. आम्ही तीन-चार मुसलमान मुली डोक्यावर ओढणी घ्यायचो. ओढणीला कुणाचीच हरकत नव्हती. पण ओढणीखाली रिबन आहे की नाही हे कसं कळणार? म्हणून प्रार्थनेनंतर एक बाई येऊन प्रत्येकीची ओढणी मागून वर उचलून बघायच्या. मुलांच्या रांगा समोरच. हात कधी कठोर नव्हता, आणि बाई हसतच असायच्या. तरी मी आठवीपासून दहावीपर्यंत रोज सकाळी त्या क्षणासाठी मान ताठ करून उभी राहिले. घरी सांगितलं तेव्हा अम्मी म्हणाली, “रिबन बांध ना बेटा, बात खतम.” रिबन मी रोजच बांधत होते. बात रिबनची नव्हतीच.

याउलट बी.एड.ला सराव पाठाच्या दिवशी आम्हा छात्राध्यापिकांना एकसारखी साडी असायची. मी घरून बुरख्यात यायचे, मुलींच्या खोलीत बुरखा घडी करून पिशवीत ठेवायचे आणि साडीचा पदर डोक्यावरून घेऊन पाठ द्यायचे. त्यात मला कधीच अपमान वाटला नाही. खोलीला कडी होती, पिशवी ठेवायला जागा होती, आणि पदर घेऊ नको असं कुणी म्हटलं नाही. दोन्ही ठिकाणी नियमच होते. एका ठिकाणी माझ्या अंगाला हात लागत होता आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढाच फरक. वकील लोक यावर शेकडो पानं लिहितात.

मग मी स्वतः फाटकावर उभी राहिले. शिक्षिका झाले की हे काम चुकत नाही. इथं थोडा हिशोब सांगावा लागेल, कारण गणवेशाचं सगळं राजकारण लोकांना दिसतं, हिशोब दिसत नाही. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि सरकारी शाळांतल्या मुलांना पहिली ते आठवी मोफत गणवेश मिळू लागला. दोन जोड, पुढे एका जोडाला 300 रुपये. पण तो सगळ्यांना नव्हता. मुली सगळ्या, मुलांमध्ये अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दारिद्र्यरेषेखालचे. आता उर्दू शाळेचा वर्ग डोळ्यासमोर आणा. तिथं जातीच्या रकान्यात बहुतेक ‘इतर मागास’ नाहीतर ‘खुला’. म्हणजे मुलाला गणवेश मिळणार की नाही हे बापाचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे का यावर ठरणार. यादी जुनी. हमालाचं नाव नाही आणि दोन दुकानं असलेल्याचं आहे, असं सर्रास. एका बाकावर दोन मुलं, एकाला नवा शर्ट, दुसरा विचारतो, “मिस, मेरेकू कब मिलता?” कित्येक वर्षं मी “अगले साल” म्हणत आले. 2023 मध्ये राज्य सरकारनं उरलेल्या मुलांनाही गणवेश द्यायचा निर्णय घेतला. तो फार चांगला निर्णय होता आणि त्याचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालं नाही.

त्या मधल्या वर्षांत एकदा मी एका मुलाला परत पाठवलं. चौथीतला. तिसऱ्या दिवशीही रंगीत शर्टात आला होता आणि अधिकारी भेटीला येणार असा निरोप होता. मी म्हटलं, घरी जा, शर्ट बदलून ये. तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. आठवड्यानं मी घरी गेले तर आईनं तोच पांढरा शर्ट दाखवला, काखेत फाटलेला, शिवायला टाकायला पैसे नव्हते. कायद्यानुसार मला त्याला परत पाठवायचा अधिकारच नव्हता. मी वसमतच्या गुरुजींची गोष्ट ऐकलेली बाई. तपासणीच्या दिवशी मी पण मूल लपवलं. मागच्या खोलीत नाही, एवढंच, घरी.

2023-24 मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ आला. तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांची ही कल्पना. सगळ्या सरकारी शाळांना एकच रंग: आकाशी शर्ट, गडद निळी पँट, मोठ्या मुलींना आकाशी कमीज, गडद निळी सलवार आणि ओढणी. खरी अंमलबजावणी 2024-25 मध्ये झाली. कापड राज्यपातळीवरून, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडून. दुसऱ्या, म्हणजे स्काउट-गाइडच्या गणवेशाचं कापड शाळेकडे यायचं आणि शिवून घ्यायला एका जोडामागे शिलाईचे 100 आणि इतर खर्चाचे 10 रुपये. आता हिंगोलीच्या कुठल्याही शिंप्याला विचारा, 100 रुपयांत शर्ट-पँट शिवतोस का. तो आधी हसेल, मग चहा पाजेल. 15 ऑगस्टला कित्येक शाळांची मुलं जुन्याच कपड्यांत झेंड्याला सलाम करत होती. आले ते गणवेश कुणाला लोंबत होते, कुणाला चढत नव्हते. वर्तमानपत्रांनी हे सगळं छापलं. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये सरकारनं माघार घेतली आणि गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिला. मुंबईत बसून वसमतच्या पोराच्या कंबरेचं माप घेता येत नाही, हे कळायला एक शैक्षणिक वर्ष गेलं.

त्याच वर्षी, मार्च 2024 मध्ये, शिक्षकांसाठीही पोशाखाचा आदेश निघाला होता. जीन्स-टीशर्ट नको, भडक रंग नकोत, बायकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा. नावाआधी ‘टि’ लावा असंही होतं. आमच्या शिक्षक खोलीत त्यावर चार दिवस विनोद झाले. मी मात्र एक गोष्ट टिपली: सरकारनं शिक्षिकेच्या अंगावर दुपट्टा असावा असं लिहिलं. तो खांद्यावरून दोन बोटं वर सरकला की वाद सुरू होतो.

ओढणीच्या खटल्यांकडे यायला मी उशीर केला, कारण ते तुम्हाला माहीतच आहेत. थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात हा प्रश्न उडुपीच्या आधी वीस वर्षं कोर्टात गेला होता. मुंबईतल्या एका शाळेनं मुलीला डोक्यावर रुमाल बांधायला मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयानं शाळेच्या बाजूनं निकाल दिला, कारण ती मुलींच्याच विभागात शिकत होती. मग 2022 चं कर्नाटक. 15 मार्चला उच्च न्यायालयानं बंदी उचलून धरली. 13 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. न्या. हेमंत गुप्ता यांना गणवेशातली समानता महत्त्वाची वाटली. न्या. सुधांशू धुलिया यांनी विचारलं ते वेगळंच: ओढणीसाठी मुलीला शाळेच्या दारात अडवून आपण तिचं आयुष्य सुधारतो आहोत का? 2024 मध्ये चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजनं हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बॅज यांना बंदी घातली. नऊ विद्यार्थिनी कोर्टात गेल्या. 26 जूनला उच्च न्यायालयानं याचिका फेटाळली आणि 9 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं हिजाब-टोपी-बॅजपुरती स्थगिती दिली; वर्गात बुरखा मात्र नको म्हटलं. टिळा, टिकलीवर बंदी घालणार का, असंही न्यायालयानं कॉलेजला विचारलं.

मला या सगळ्यात आमच्या शेजारचं नांदेड आठवतं. तिथल्या शाळांत शीख मुलं पटका बांधून बसतात. पटका गणवेशाच्या रंगाचा असतो आणि कुणाची समानता मोडत नाही. इंग्लंडमध्ये असाच एक पगडीवाला मुलगा शाळेनं नाकारला होता. 1983 साली तिथल्या सर्वोच्च कोर्टानं मुलाच्या बाजूनं निकाल दिला. कर्नाटकातल्या मुलीही तेवढंच म्हणत होत्या: गणवेश घालतो, त्याच रंगाची ओढणी डोक्यावर घेऊ द्या.

आता घरातलं. आपल्या समाजाच्या काही संस्थांत ओढणी सक्तीची आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलीची ओढणी खेळताना घसरली म्हणून तिला ओरडलेलं मी स्वतः पाहिलंय. चेंबूरच्या मुलींसाठी ‘तिची मर्जी’ म्हणणारे आपण, या मुलीची मर्जी कधी विचारतो? ज्यांनी व्हॉट्सअॅपवर हिजाबचे निकाल फिरवले, त्यातल्याच एका गृहस्थानं मला शाळेत येऊन सांगितलं होतं की सातवीच्या मुलींना बुरखा घालूनच पाठवा असं पालकांना बजावा. मी म्हटलं, आधी शाळेत पाठवा असं बजावते.

कारण माझ्या एका विद्यार्थिनीचं काय झालं ते मला माहीत आहे. दहावीला 88 टक्के. शहरातल्या एका कॉलेजात अकरावी सायन्सला प्रवेश मिळाला. पहिल्या दिवशी फाटकावर सांगितलं, बुरखा काढून आत या. ती तयार होती; आत सलवार-कमीज, ओढणी सगळं होतं. पण काढायचा कुठे? रस्त्यावर, पानटपरीसमोर? खोली नाही म्हणाले. बाप बरोबर होता. तो तिला परत घेऊन आला. मी दोनदा घरी गेले. बापानं एकच वाक्य लावून धरलं, “मिस, वहाँ इज्जत नक्को जाने की.” कॉलेज म्हणालं नियम, बाप म्हणाला इज्जत, आणि मुलगी दोघांच्या मध्ये उभी. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. एका खोलीनं आणि एका कडीनं काम भागलं असतं.

गेल्या वर्षी गणवेश ठरवायला आमच्या व्यवस्थापन समितीची बैठक झाली. कापडाचा रंग ठरला, शिंपी ठरला, 300 रुपयांत ओढणी बसवायची कशी यावर तासभर घासाघीस झाली. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी लिहिलं: “मुलींसाठी पांढरी ओढणी. ती डोक्यावर घ्यायची की खांद्यावर हे मुलीने ठरवावे. तपासणीसाठी कोणीही ओढणीस हात लावू नये.” अध्यक्षांनी वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, “मॅडम, हे लिहायची काय गरज? आपल्याकडे कोण हात लावतंय?” मी म्हटलं, असू द्या. त्यांनी सही केली.